बर्फ उचलायची रीत

सकाळचे सात. पाचपावलीत नऊ डिग्री.
बाबा माकडटोपी घालून गल्लीत उभे.
समोर धकात्यांच्या बांधकामाची रेती,
हातात त्यांचंच फावडं, न विचारता घेतलेलं.
मी मोबाईल आडवा धरलाय.
पलीकडे चारू, सस्कॅटूनमध्ये.
तिथे अजून कालचीच संध्याकाळ
आणि दारात गुडघाभर बर्फ.

"पाह्य," बाबा म्हणतात, "कमरेतून वाकशील त मरशील.
गुडघ्यातून बस. फावडं अंगाजवळ.
अर्धंच भर, लालूच नाही करायची.
अन् भरलेलं फावडं घेऊन अंग पिळू नको,
पाय फिरव, पाय.
कमरेले काय बिजागरी नसते."

एकतीस वर्षं ते बर्फाच्या कारखान्यात होते.
दीडशे किलोची लादी आकड्यानं ओढायचे
ओल्या फरशीवरून, भुशावरून, हातगाडीपर्यंत.
मे महिन्यात, सेहेचाळीस डिग्रीत,
अख्ख्या गल्लीत आमचे बाबा एकटेच
स्वेटर घेऊन कामाला निघायचे.
लग्नघरं, रसवंत्या, मासेवाले,
रात्री मेयोतून घाईनं आलेली, न बोलणारी माणसं,
सगळ्यांना त्यांनी बर्फ दिला.
आभाळातून पडलेला मात्र पाहिला नाही,
गारा सोडून.

"ढकलता येते ते उचलते तो येडा.
उठल्या उठल्या भिडू नको, आधी जिना दोनदा चढ-उतर.
धा मिनिटानं थांब. पाणी पी.
थंडीत तहान लागत नाही, तरी पी.
छातीत धरल्यासारखं वाटलं त फावडं तिथंच सोड,
बर्फ कोठी पळून जात नाही.
आमचा गणपत निखारे सोडत नव्हता फावडं."

पुढे बोलत नाहीत.
रेतीचा एक घास उचलतात, बाजूला ठेवतात.

खालचा थर काचेसारखा झालाय, चारू म्हणते, त्याचं काय?

"मीठ."
बाबांचा चेहरा उजळतो.
"कारखान्यात टाकीभर मिठाचं पाणी राहे.
ते सोता गोठत नव्हतं,
म्हणून त गोड्या पाण्याले गोठवू शके.
अन् गोठलेलं सोडवाले पण तेच.
पसाभर फेक अन् वाट पाह्य.
चालतानी बदकासारखी पावलं टाक.
लोक हासले त हासू दे, तिथं कोण वळखते तुले."

ती हसते. चित्र हलतं.
बर्फ दिसतो, दिवा दिसतो, पुन्हा बर्फ.
ती स्वतः बराच वेळ दिसत नाही.

बाबा फावडं रेतीत रोवतात,
माझ्याकडून मोबाईल घेतात,
मधली दोन बोटं पेरापर्यंतच उरलेल्या हातात.
"फोन डाव्या हातानं काऊन धरला?"
"असाच, बाबा."
"उजवा दाखव."

लादी घसरली होती तेव्हा
सतरा दिवस त्यांनी हा हात
घरात टॉवेलखाली ठेवला होता.

मग पडद्यात हळूच येतो तिचा,
मनगटापासून कोपरापर्यंत पांढरा.
"परवा. पायरीवर. बारीकसंच आहे."

दूधवाला हॉर्न देतो.
धकाते दारात येऊन बघतात,
फावड्याचं काही बोलत नाहीत.
बाबाही ओरडत नाहीत.
"दुखते?"
"रात्री."
"उशीवर ठेवत जाय. उंच."
मग थोड्या वेळानं,
"मीठ आहे घरी?"
"आहे."
"जाडं?"
"जाडं."
"डाव्यानं फेकता येते. फावड्याले हात लावू नको.
हे बाकीचं, हात जुळल्यावर."

मोबाईल माझ्याकडे येतो.
ते पुन्हा एकदा, अगदी सावकाश,
तिला दिसेल असे गुडघ्यातून बसतात,
अर्धं फावडं भरतात, पाय फिरवतात,
आणि उठताना माझा खांदा धरतात,
चौकटीच्या बाहेर.