उपाशीपोटी

पहाटेच्या फेरीबोटीत माझ्या मांडीवर बर्फाची पेटी असते.
रायबंदरला चढताना रिकामी,
परतताना तिच्यात दिवाडीच्या तीसेक माणसांचं रक्त,
जांभळ्या आणि राखाडी बुचांखाली, नावं चिकटवलेलं.

बारा वर्षं हेच काम.
आता नळी हातात धरली की स्वयंपाकघर दिसतं.
हा चहात तीन पाव बुडवणारा,
ही दुकान ओढून घेता घेता फरसाणावर जेवण भागवणारी,
हा सोळा वर्षांचा पोर, मानेवर काळी मखमल.
आई म्हणते, किती घासलं, जात नाही हो.
मी बोलत नाही. बोलणं डॉक्टरचं काम.

सांतान कुलासो पहिल्यांदा आला तेव्हा
तीन महिन्यांची साखर अकरा पॉइंट चार.
सव्वीस वर्षं बोटीवर, इंजिनाच्या पोटात,
डब्यातलं मांस, डब्यातली फळं,
रात्रपाळीला थंड गोड बाटल्या.
डाव्या पायाचा अंगठा रॉटरडॅमला राहिला,
असं तो सांगतो, छत्री विसरल्यासारखं.

घरी आला तर बांध फुटलेला,
खाजनात खारफुटी, बगळे मालक.
खाऱ्या पाण्यात काय पिकणार, गाव म्हणालं.
त्यानं चोडणहून दोन पायली कोरगुट आणलं,
कुसळांचं, तांबूस, मिठाला न भिणारं भात.
बांध घातला. मानशीच्या फळ्या स्वतः ठोकल्या.

एकदा सुई टोचताना म्हणाला,
"बाय, मानशीचं दार कुणी उघडत नाही.
ओहोटीला आतलं पाणी ढकलतं, उघडतं.
भरतीला बाहेरचं ढकलतं, बंद.
चिखल साचला की अर्धवट लटकतं,
मग आतलं जात नाही, बाहेरचं थांबत नाही.
माझ्या अंगात तसंच झालंय ना?"
मी म्हटलं, मूठ सोडा आता.

त्याचं जेवण मला पाठ आहे, तो सांगतोच.
सकाळी उकड्या तांदळाची पेज, निवळ न फेकता,
बरोबर चेपणीच्या तोराची फोड.
दुपारी मानशीवर सापडलेली मासळी, तिरफळ ठेचून,
अळसांदे, खोबरं हवं तेवढं,
पावसात ताकळ्याचा पाला, फणसाच्या आठळ्या घालून.
संध्याकाळी नाचणीचं तिजन.
"गुळाशिवाय तिजन म्हणजे दंड भरणं."

अकरा पॉइंट चार. नऊ. सात पॉइंट दोन.
फेस्ताच्या महिन्यानंतर पुन्हा आठ.
दोदोल बहिणीनं घोटलेलं, नाही कसं म्हणणार?
गोळ्या चालू आहेत.

मी म्हणाले, जुन्या लोकांना सगळं कळत होतं.
तो हसला नाही.
"जुने लोक पेज प्यायचे कारण भात पुरत नव्हता.
माझा बापूय चव्वेचाळिसाव्या वर्षी गेला, तापानं.
त्याच्या साखरेचा कागद नाही.
ताटात मूठभर भात दिसला
की समजायचं, आज भाटकाराकडे काम होतं.
शहाणपण कसलं? भूक होती.
मी त्यातलं फक्त जेवण घेतलंय."

मागच्या आठवड्यात मखमलीचा तो पोर मानशीवर दिसला,
एका हातात जाळं,
दुसऱ्यात वेफर्सची पुडी.
सांतान त्याला गाठ मारायला शिकवत होता,
पुडीकडे बघत नव्हता.

जाताना मला पिशवी दिली. शेरभर कोरगुट.
"रात्रभर भिजव. घाई करू नको."

मी घाईच केली. संध्याकाळी उशीर झाला होता.
तीन शिट्या, चार, सहा.
मुलगी ताट घेऊन बसलेली, विचारते, झाला का?
झाकण काढून दाणा बोटांत दाबते.
मधे अजून कणी आहे.