शिफारसपत्र

फॉर्म विचारतो:
तुमच्या आजवरच्या विद्यार्थ्यांत ही कितवी?
पहिल्या एका टक्क्यात? पाचात? दहात?
की तळाच्या पन्नासात?

ऐली रौटिओ माझ्या ग्रीकच्या वर्गात
एकटीच होती.
दोन हिवाळे. डुलुथचं सरोवर गोठलेलं,
लोहखनिजाची जहाजं धक्क्याला खिळलेली,
आणि ही बेकरीतली रात्रपाळी संपवून थेट वर्गात,
कोपरापर्यंत पीठ.
शब्दकोशात लॅम्डाच्या पानावर
तिचा पांढरा अंगठा अजून आहे.

हुशार? हो.
पण चुकायची तीसुद्धा ठामपणे.
एकदा एका ओळीतल्या बैलाचं तिने जहाज केलं
आणि तासभर मला ते बुडवू दिलं नाही.

मे महिन्यात विभाग बंद झाला.
माझ्या खोलीत आता दंतवैद्यकवाले
प्लास्टरचे जबडे वाळत घालतात.
हे पत्र मी स्वयंपाकघरात लिहितो आहे.

ग्रीकमध्ये द्विवचन असतं,
हे कुठल्या रकान्यात लिहू?
दोन डोळे, दोन हात, एका जुवाखालचे दोन बैल,
बहुतेक एवढ्यांपुरतंच. पुढे तेही झिजलं.
तिला ते पाठ करावं लागलं नाही.
खोलीत आम्ही तेवढेच होतो.

मुदत उद्या पाचपर्यंत.
अर्जाची फी तिने भरली आहे, पंच्याहत्तर डॉलर,
म्हणजे किती पाव, ते मी मोजत नाही.

पहिल्या चौकोनावर खूण करतो.
मग शेवटच्याही.
पडद्यावर तांबडी ओळ उमटते:
कृपया एकच निवडा.