बांधावरचं लदीन

एस्पेरान्साबायने रात्रीच चणे भिजत घातले,
मी सात हात अबोली ओवली.
बांधावरच्या खुरसाला सातच हात लागतात.
हे माप मला सासूने दिलं,
तिला तिच्या सासूने.

व्हायोलिनचं मात्र यंदा ठरत नव्हतं.

वीस वर्षं ओर्लांद वाजवायचा.
आता तो जेकबबरोबर राहतो,
चिंचेखालचं घर, दारावर एक पाटी, तिच्यावर दोन नावं.
पाटी लागली
आणि लोटलीच्या आमच्या वाड्यावर जो तो धर्मशास्त्र बोलू लागला.

विगार म्हणाला, आशीर्वाद देता येईल,
पण उभ्याउभ्या, पुस्तक न उघडता,
वाटसरूला देतात तसा.
स्विंडनहून इमेल्दा फोनवर ओरडली,
इथल्या आमच्या चर्चमध्ये प्रार्थनेतच देतात,
वेगळा समारंभ तेवढा नाही.
(त्या 'तेवढा'वरून तिथेही दोन तट पडलेत,
हे तिने नंतर सांगितलं.)
फ्लाविया, ओर्लांदची पाठची बहीण,
फातोर्ड्याला हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलात प्रार्थनेला जाते.
तिच्या बायबलात एक ओळ लाल पेनाने इतकी गिरवलेली
की पान पलीकडून फुगलंय.
तिला तर खुरसापुढची मेणबत्तीही पाप.
जेकबची आई तिरुवल्ल्याला, मार्थोमा.
तिचं मत कोणालाच कळलेलं नाही.
ती फोन उचलत नाही.

मी हिंदू बाई, मला कोण विचारतो.
तरी एकदा एस्पेरान्साबायने विचारलं,
तुमच्यात काय म्हणतात गं?
म्हटलं, आमच्यात कोणी काही म्हणतच नाही.
लग्न लावून देतात.
ती हसली नाही. मीही.

कमिटीने रायहून वादक आणला,
तीन हजार आणि पेट्रोल.
त्याला आमच्या वाड्याची चाल येईना.
व्हायोलिन एकीकडे, बायका दुसरीकडे,
वाऱ्याने मेणबत्त्या तिसरीकडे.
किरिये म्हणतानाच सगळे अडखळले.

तेव्हा मागून, चिंचेच्या बाजूने,
कोणीतरी म्हटलं, कुरियेलायसोन.
जाड आवाज, केरळचा,
उच्चार निराळा, शब्द तोच.
एस्पेरान्साबायने मान वळवली नाही.
त्या आवाजाखाली हळूच आपला ठेवला,
उशीखाली किल्ली ठेवावी तसा.
मग ओर्लांदचा आला.
रायवाल्याने गज खाली घेतला
आणि ऐकत राहिला, पैसे घेतलेला माणूस.

काही जण उठून गेले, तेही सांगायला हवं.
सेबास्तियांव मेस्त गेला,
ज्याने सकाळीच खुरसाला चुना दिला होता,
नखांत चुना तसाच.

रस्त्यावर फ्लावियाची स्कूटर घुरघुरत उभी.
आईला न्यायला आलेली, जवळ येणार नव्हती.
तिसऱ्या किरियेला इंजिन बंद झालं.
तेवढंच. हेल्मेट डोक्यावरच.

नंतर चणे वाटताना मी विचारलं,
त्या शब्दाचा अर्थ काय गं?
दया कर, म्हणाली.
कोणावर?
तिने पातेलं तिरकं केलं,
तळाचे चणे खरवडून काढले,
कागदाचा पुडा बांधला.
हा फ्लावियाला नेऊन दे.
खोबरं जास्त घातलंय.
मी दिला म्हणू नकोस.