एकाला दोन

शनिवारी रात्री सोफा भिंतीला सरकवते
आणि हॉलभर मांडते माझा जोडीदार:
दोन मास्क, दोन कॉम्प्युटर,
सुरी पोटरीला, कात्री खांद्याजवळ,
कारण कुठला हात धरणार
हे जाळं आधी सांगत नाही.

धनकवडी, तिसरा मजला.
समुद्रापासून एक घाट आणि तीन तास.

लिफ्टमध्ये लिमये दर वेळी विचारतात,
हा घरगुती की कमर्शियल?
हवा आहे, म्हणते. साधी हवा.
हवा विकत घेता? म्हणतात,
आणि दुसऱ्या मजल्यावर उतरतात
समाधानाने.

छोटा सिलिंडर कुठे बांधायचा
यावर हेमांगी आणि मी चौदा वर्षं भांडलो.
ती म्हणायची पाठीवर, मोठ्याला चिकटून,
पाण्यात अंग सरळ राहतं.
मी म्हणायचे डाव्या कुशीला, तान्ह्यासारखा,
काटा डोळ्यांसमोर, चावी हाताखाली.
भांडण परवडायचं तेव्हा.
माझी दुसरी हवा तीच होती,
हात लांब केला की तिचा खांदा.

मग तिच्या कानाचा पडदा गेला.
डॉक्टरांनी पाणी बंद केलं,
मीठ बंद करतात तसं,
कागदावर एक रेघ मारून.

आता ती कर्वेनगरात बाल्कनीत बसून
माझी वेळ सांभाळते.
तिला लिहून दिलंय:
पावणेअकराला आत.
अठरा मीटर, त्याखाली काहीही दिसो.
साडेअकरापर्यंत फोन नाही आला
तर आधी सुग्रीवमामा, मग अग्निशमन दल, मग माझा भाऊ.
भाऊ शेवटी. तो आधी रडेल.

वाघोलीच्या पुढची खाण. क्रशर कधीचा बंद.
पाणी वरून हिरवं, मग चहासारखं,
मग एकदम थंड आणि स्वच्छ,
तळाशी बाभूळ उभी, काट्यांसकट,
आणि ट्रकचं एक टायर
ज्याला मी जाता-येता हात लावते.

मला पवता येत न्हाई ताई, मामा म्हणाले होते पहिल्या दिवशी.
घड्याळ बघता येतं ना?
ते येतंय.

एकटीने तपासणी मोठ्याने बोलून करायची.
मनातल्या मनात केलेली
झाल्यासारखी वाटते.
मोठा: दोनशे.
एक भाग जायला, एक यायला,
तिसऱ्याला शिवायचं नाही,
नैवेद्याचं ताट झाकून ठेवतात तसा तो.
छोटा:

एकशेवीस.

रात्री दोनशे होता.
काचेवर टिचकी मारली. एकशेवीस.
कान लावला, तर बारीक सळसळ,
कुणी शेजारच्या खोलीत भात निवडतंय जणू.

आत लगेच वकील उभा राहिला.
मोठा भरलेला आहे.
पाच महिन्यांत लागलाय कधी छोटा?
पहाटे उठलीस. पेट्रोल जाळलंस.

बोनेटवरच्या धुळीत बोटाने गणित मांडलं.
अठरावरून वर यायला,
पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायला
एकशेवीस पुरतो
शांत श्वासाला.
घाबरलेल्या श्वासाला पुरत नाही.
आणि जी बाई कधीतरी ही नळी तोंडात धरेल
ती शांत नसेल.
मी तिला अजून भेटलेले नाही.
दर शनिवारी सामान मात्र तिचंच बांधते.

सूट सोलून काढला.
आज बुडाला न्हाईत व्हय? मामा म्हणाले,
थोडे हिरमुसले.

दहा पन्नासला फोन.
आलीस पण वर?
खालीच गेले नाही. छोटा गळतोय.
तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली, आणखी एक झाली.
मग म्हणाली,
ते वायसर मीच बसवलं होतं. दिवाळीत.
उलटं बसलं असेल घाईत.
गोल असतं गं ते, म्हटलं,
उलटं कसं बसेल?

वहीत लिहिलं: खोली शून्य. वेळ शून्य.
शेरा: वायसर बदलणे, नाना पेठ, सोमवारी.
जोडीदाराच्या रकान्यात हल्ली रेघ मारते.
आज ती मारायची राहिली.