दोन बोटं कमी

पाचपावलीच्या पुलाखालून आत, तांडापेठेत,
एकाला एक टेकलेली तीन घरं.
आता म्हणे इथे कलादालन होणार.
मी चुन्याचा मिस्त्री, आपल्याला काय त्याचं;
बेलाचा गर, गूळ, भिजवलेले उडीद
आणि एकवीस दिवस मुरलेला चुना
एवढं मिळालं की भिंत माझी.

आधी खरवडायचं.
ऑइलपेंटचा हिरवा, त्याच्याखाली डिस्टेंपरचा गुलाबी,
त्याच्याखाली नीळ घातलेली सफेदी,
आणि सगळ्यात आत, शिसपेन्सिलीनं:
चार लुगडी, शेटजी, बाकी अकरा रुपये.
आर्किटेक्ट मॅडम ओरडल्या, थांबा, हात लावू नका!
अकरा रुपयांवर त्यांनी काच बसवली.
बाकी कोणाकडे निघते ते कुणी विचारलं नाही.

मधल्या घरात फरशी उचकटली
तर खाली भसभशीत माती, कवेलूंचे तुकडे,
सायकलची एक चेन.
मांडीइतका खोल चौकोन.
मॅडम म्हणाल्या, यात दिवा लावू.

तेवढ्यात दारात दशरथजी निमजे.
"काहून उकरता बाप्पा?
ब्याऐंशी साली मीच बुजवला होता तो, एका रात्रीत.
माग विकला, अन् मग
एखादं पोट्टं पडन म्हनून."
चपला काढल्या, काठावर बसले,
पाय खाली सोडले.
उजवा पाय दाबला गेला, मग डावा.
खाली काहीच नव्हतं, तरी
उजवा, डावा.
आम्ही घमेली हातात धरून उभे.
मग म्हणाले, "दोन बोटं कमी हाय. अजून खना."

खणलं. दोन बोटांवर
शेणानं सारवलेला तळ लागला.

रंग कोणता होता, मॅडमनी त्यांना विचारलं.
"रंग? भिंतीवर सुताची रुई बसे.
तोच रंग."
तो माझ्याच्यानं झाला नाही.
चुन्यात काय काय मिसळून पाहिलं.

उद्घाटनाला कुलरची घरघर, माइकची शिट्टी,
खड्ड्यावर जाड काच, काचेवर बूट.
एक मुलगी पोटावर झोपून आत बघत होती,
तिची आई तिला उठवत होती.
दशरथजी फाटकाशीच, इस्त्रीच्या सदऱ्यात,
वॉचमनला विचारत होते,
"किती वाजता बंद करता?"
"आठ."
"आठलेच?"
घड्याळ नसलेल्या मनगटाकडे पाहिलं त्यांनी.
"आमचा त बारा वाजेलोक चाले."