सोयरू, रेग्युलर

बेतूलच्या जेटीवर उलट्या घातलेल्या होड्या.
त्यांची नावं वाचायला मीही मान उलटी केली
आणि सोयरू पागीची अक्षरं गोळा करत हिंडलो.
'शांतादुर्गा प्रसन्न'मधून श, द आणि रफार,
'सांत आंतोन'मधला उडी घ्यायला टेकलेला स,
केपे-मडगाव बसच्या पाठीवरून 'हॉर्न'चा ऑ,
बंद पडलेल्या सोडा फॅक्टरीच्या भिंतीवरून एक ळ,
त्याच्या एका गाठीत पालीची अंडी.

ब्रश चपटा, अर्ध्या इंचाचा,
मागचं टोक दातांनी चावलेलं.
शिरोरेघ सगळ्यात शेवटी.
"आधी भिंती, मागीर कौलां," म्हणायचा.
वेलांटी एका दमात, कोपर न टेकता,
आणि तिच्या टोकाशी रंग संपत आलेला,
केस न् केस सुटा दिसणारा.
ते केस मी संगणकात तीन रात्री राखले.

ञ कुठेच मिळाला नाही.
"त्याचे कोणी पैसेच दिले नाहीत."
मग सोसायटीच्या कॅलेंडरमागे
त्याने आयुष्यातला पहिला ञ काढला,
थोडासा घाबरलेला.
तसाच ठेवलाय.

पडद्यावर 'काजू, कोकम' लिहून दाखवलं.
दोन्ही क कडे बघत राहिला.
"हो एकूच न्हय?"
मी तीन क केले, आळीपाळीने येणारे.
"आनी चवथ्या खेपेक?"

फॉण्टसोबतच्या टिपेत मी लिहिलं:
मथळे, लेबलं, होड्या, बसगाड्या.
चोवीस पॉइंटांखाली नको.
कायद्याच्या मजकुराला तर नकोच.

आता तो फेणीच्या बाटलीवर असतो,
काल्याच्या नाटकाच्या हँडबिलावर,
लग्नपत्रिकेत 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं'मध्ये,
पणजीतल्या एका कॅफेत भिंतभर,
जिथे चहा त्याच्या एका दिवसाच्या मजुरीचा.
सोयरू विचारतो, "तिथं रंग कोणता?"
रंग नसतो सोयरूबाब, तो दाबून बदलतात.

गेल्या महिन्यात समुद्राकडे उतरणाऱ्या वाटेवर
नवी तार, नवा फलक:
'खाजगी मालमत्ता. प्रवेश बंद.'
त्याचाच श, त्याचीच केस सुटलेली वेलांटी.
"हें हांवें बरोवंक ना," तो म्हणाला.
मग जवळ जाऊन म आणि त्ता यांच्यामध्ये
अंगठा आडवा धरून बघितला.
जागा जास्त सुटलीय, म्हणाला,
आणि तारेखालून वाकून
पिशवी घेऊन खुबे काढायला गेला.

मी जरा थांबलो.
अक्षर त्याच्या हातचं,
त्यामुळे त्याने सांगितल्यासारखं वाटलं.
खालून त्याने दोनदा हाक मारली.