कोरडा स्वेटर

फेरो बेटांवर, चर्चमागच्या उतारावर
सुन्नुव्हानं नवऱ्याची कबर राखलीय.
आत कुणी नाही.
हानुस समुद्रातच राहिला, एकोणतीस वर्षं झाली.

ती बंदराकडे बघत बसत नाही.
होडी येणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक.
दगडावर नांगर कोरलाय.
त्यावरचं शेवाळ नखानं खरवडत म्हणाली,
‘मला इथंच पुरतील.
त्याचा स्वेटर सोबत ठेवायला सांगितलंय, कोरडा.
हाक आली की मी मातीतून उठेन,
तो पाण्यातून. गारठलेला असेल.’

माझ्या भाषेत नांगर दोन:
एक तळाशी जाऊन दिसेनासा होतो
आणि होडी धरून ठेवतो;
दुसरा जमीन फाडतो, पेरण्याआधी.

तिला हे सांगितलं.
‘एकच असेल,’ म्हणाली,
आणि बटाट्याच्या वाफ्याकडे वळली.